आधी सेंटीमीटर विचारा

"आतड्याचा कॅन्सर ना? मग पोट कशाला फाडताय, आता शेकानं जळतोय की." सातारा जिल्ह्यातल्या वडूजच्या बाजारात, स्टँडवर, दवाखान्याच्या बाकावर हे वाक्य इतक्या खात्रीने बोलले जाते, की ऑपरेशन सांगणारा डॉक्टरच नातेवाइकांना लबाड वाटू लागतो. त्याच बाकावर दुसरा कोणी सांगतो, "शेक लिहून दिला म्हणजे संपलं. घरी न्या, हाल करू नका." दोघेही मनापासून बोलत असतात आणि दोघांनीही आयुष्यात काही ना काही पाहिलेले असते. तरी दोघांचेही म्हणणे चूक आहे. या दोन सल्ल्यांच्या मध्ये सापडलेला माणूस एक तर त्याला वाचवू शकणारा उपचार नाकारतो, नाही तर ज्याचा त्याला उपयोग नाही अशा उपचारासाठी रानाचा तुकडा विकतो. म्हणून हे खोडून काढायलाच हवे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरला शेक, म्हणजे रेडिएशन, द्यायचे की नाही हे मशीन किती नवे आहे, खिशात किती पैसा आहे, दवाखाना पुण्याचा की कराडचा, यावर ठरत नाही. गाठ गुदद्वारापासून किती सेंटीमीटरवर आहे, तिथून बहुतेक निर्णयाला सुरुवात होते. शेवटचे साधारण १५ सेंटीमीटर म्हणजे गुदाशय. त्याच्या वरचे सुमारे दीड मीटर म्हणजे मोठे आतडे. एकच नळी, सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा कॅन्सरही बहुधा एकाच जातीचा, पण उपचाराचा रस्ता तिथे दुभंगतो. आपल्याकडे मात्र दोन्हींना सरसकट 'आतड्याचा कॅन्सर' म्हणून एकाच पोत्यात भरले जाते आणि मग शेजाऱ्याच्या गुदाशयाचा अनुभव आपल्या वडिलांच्या उजव्या आतड्याला लावला जातो.

वरची दोन्ही मते हवेतून आलेली नाहीत, हेही मान्य करायला हवे. खटाव-माणच्या खेड्यांनी शेक ओळखला तो बायकांच्या गर्भाशयमुखाच्या आणि पुरुषांच्या तोंडा-घशाच्या कॅन्सरमुळे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर शेक हा मुख्य उपचार आहे. बराच वाढलेला रोगसुद्धा त्याने, सोबत केमो देऊन, ऑपरेशनशिवाय बरा होऊ शकतो. ज्या घराने आपली चुलती बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयातून किंवा परळच्या टाटा रुग्णालयातून शेक घेऊन परतलेली आणि पुढे वर्षानुवर्षे भांगलायला जाताना पाहिली, ते घर विचारणारच, की मग आतड्याला का नाही? उलट ज्या घराने कॅन्सर हाडांत उतरल्यावर वेदना थांबवण्यासाठी एक दिवसाचा शेक दिलेला पाहिला आणि पुढे थोड्याच दिवसांत माणूस गेला, त्यांच्या लेखी शेक म्हणजे शेवट. दोन्ही घरांनी डोळ्यांनी पाहिलेले खरेच होते. फक्त ते दुसऱ्या अवयवाचे होते, दुसऱ्या अवस्थेचे होते.

आता पहिल्या मताकडे वळू. मोठ्या आतड्याला शेक का देत नाहीत? मोठे आतडे पोटात एका जागी बसून राहत नाही. त्याचा आडवा भाग आणि डावीकडचा खालचा वळणाचा भाग तर पडद्याला लोंबकळत असतो. जेवणाने, वाताने, श्वासाने त्याची जागा बदलते. सोमवारी जिथे नेम धरला तिथे मंगळवारी गाठ असेलच असे नाही. चहूबाजूंनी लहान आतड्याची वेटोळी असतात आणि लहान आतड्याचे अस्तर किरणांपुढे फार नाजूक असते. ४५ ते ५० ग्रेच्या (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे माप) पुढे गेले की तिथे व्रण पडणे, आतडे आक्रसणे, अडणे हे प्रकार सुरू होतात. गाठ मुळासकट जाळायला बऱ्याचदा त्याहून जास्त मात्रा लागते. म्हणजे गाठ जाळायची तर शेजारची आतडी जाळावी लागतात. उजव्या बाजूला मूत्रपिंड आणि यकृत आहेतच.

याहून मोठे कारण वेगळे आहे आणि ते क्वचितच कोणी समजावून सांगते. मोठ्या आतड्यातली गाठ काढताना सर्जनला पोटात जागा मिळते. गाठीच्या दोन्ही बाजूंचे हातभर आतडे, त्याचा पडदा आणि त्यातल्या लसिकाग्रंथी असे सगळे एकत्र काढता येते. ऑपरेशन नीट झाले तर रोग त्याच जागी परत उगवण्याचे प्रमाण कमी असते. परत आलाच तर तो बहुधा रक्तातून यकृतात किंवा फुप्फुसात जाऊन बसतो. शेक तर जिथे पडतो तेवढ्याच जागेवर काम करतो. पोटावर शेक देऊन यकृताकडे निघालेल्या पेशी कशा थांबणार? तिथे सगळ्या शरीरात फिरणारे औषध, म्हणजे केमोच लागते. लसिकाग्रंथींपर्यंत पोचलेल्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशननंतरच्या औषधाने मृत्यूंचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटते, हे अमेरिकेतल्या चाचणीने १९९० मध्येच दाखवले. २००४ मध्ये त्यात ऑक्झालिप्लॅटिन या औषधाची भर पडली आणि निकाल आणखी सुधारले.

"पण शेक देऊन तर बघा," असे म्हणणाऱ्यांना सांगायला हवे, की बघून झाले आहे. १९९२ ते १९९६ या काळात अमेरिकेत हाच प्रश्न चाचणीला लावला होता. ज्यांची गाठ शेजारच्या भागाला चिकटलेली किंवा पुढे सरकलेली होती अशा मोठ्या आतड्याच्या रुग्णांना ऑपरेशननंतर एका गटात फक्त केमो दिली आणि दुसऱ्या गटात केमोसोबत शेकही. ७०० रुग्ण हवे होते, २२२ मिळाले. त्यामुळे चाचणी अपुरी राहिली आणि तिला शेवटचा शब्द कोणी मानू नये. पण हाती आले ते असे: पाच वर्षांनी केमोच्या गटातले ६२ टक्के आणि शेकाच्या गटातले ५८ टक्के रुग्ण जिवंत होते. हा फरक नगण्य आहे. त्रास मात्र शेक घेतलेल्यांना अधिक झाला. जगभरच्या डॉक्टरांनी मोठ्या आतड्याच्या नेहमीच्या उपचारातून शेक वगळला तो या अशा पुराव्यावर. त्यात कंजुषी नाही की भेदभाव नाही.

अपवाद आहेत. गाठ पोटाच्या भिंतीला किंवा मूत्राशयाला इतकी चिकटलेली असते की सर्जनला थोडा रोग मागे राहिल्याची खात्री असते, तेव्हा नेमक्या त्या जागी शेकाचा विचार होतो. यकृतात किंवा फुप्फुसात एक-दोनच गाठी असतील आणि ऑपरेशन शक्य नसेल, तर मोजक्या बैठकांत जोरकस मात्रा नेमकेपणाने देता येते. हाडाच्या वेदनेला ८ ग्रेचा एकच शेक पुष्कळदा पुरतो आणि माणूस रात्री झोपू लागतो. ही काही शेवटची खूण नाही. दुखणाऱ्याचे दुखणे कमी करणे यालाही उपचारच म्हणतात. तो नाकारून माणसाला कण्हत ठेवणाऱ्या घरांचा मला राग येत नाही. पण त्यांना तसा सल्ला देणाऱ्यांचा जरूर येतो.

खालच्या १५ सेंटीमीटरची गोष्ट मात्र पूर्ण उलटी आहे. गुदाशय हाडांच्या अरुंद कटीत घट्ट बसलेला असतो. पुढे मूत्राशय आणि पुरुषात प्रोस्टेट, बाईत गर्भाशय. मागे माकडहाड आणि त्याच्या वरचे हाड. बाजूंनी लघवीच्या आणि लैंगिक क्रियेच्या नसा. सर्जनला हातभर सोडा, कधी कधी बोटभर मोकळी जागा मिळत नाही. त्यामुळे ऑपरेशननंतर रोग त्याच जागी परत येण्याचे प्रमाण पूर्वी फार मोठे होते. कटीत परत आलेल्या गुदाशयाच्या कॅन्सरच्या वेदना ज्याने पाहिल्या आहेत तो त्या विसरत नाही. दुसरीकडे, गाठ जागा सोडत नाही, नेम धरता येतो आणि लहान आतडे बरेचसे वर राहते. गर्भाशयमुखाला शेक लागू पडतो तो जवळपास याच कारणांनी. दोन्ही अवयव एकमेकांपासून काही सेंटीमीटरवर आहेत.

इथले आकडे बघा. स्वीडनमध्ये १९८७ ते १९९० दरम्यान सुमारे ११०० रुग्णांवर झालेल्या चाचणीत ऑपरेशनआधी पाच दिवस, रोज ५ ग्रे, असा शेक दिला. पाच वर्षांत त्याच जागी रोग परतण्याचे प्रमाण २७ टक्क्यांवरून ११ वर आले आणि जिवंत राहिलेल्यांचे प्रमाण ४८ वरून ५८ टक्क्यांवर गेले. पुढे इंग्लंडच्या बिल हील्ड यांनी १९८२ पासून मांडलेली, गुदाशयाभोवतीचा चरबीचा पूर्ण वेढा अखंड काढण्याची पद्धत रुळली. तेव्हा प्रश्न आला, की एवढे चांगले ऑपरेशन होत असताना शेक हवाच कशाला? नेदरलँड्समधल्या २००१ च्या चाचणीने उत्तर दिले. उत्तम ऑपरेशन करूनही दोन वर्षांत ८.२ टक्के रुग्णांत रोग त्याच जागी परतला, शेक घेतलेल्यांत २.४ टक्के. आयुष्य मात्र दोन्ही गटांत सारखेच राहिले, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. जर्मनीच्या २००४ च्या चाचणीने आणखी एक गोष्ट ठरवून टाकली: शेक ऑपरेशनच्या आधी दिला तर रोग परतण्याचे प्रमाण ६ टक्के, नंतर दिला तर १३.

आता "शेक लिहून दिला म्हणजे संपलं" या वाक्याचे काय उरले? गुदाशयाच्या पेशंटला ऑपरेशनआधी शेक लिहून देतात, तेव्हा डॉक्टर रोग मुळापासून काढायची तयारी करत असतो. नेमक्या त्या क्षणी घरचे त्याला गावी घेऊन जातात. याहून मोठा अन्याय मला ठाऊक नाही.

वडूजच्या दृष्टीने इथे एक फार महत्त्वाची बाब आहे. जुनी लांब पद्धत म्हणजे रोज १.८ ग्रे, आठवड्यातून पाच दिवस, २५ ते २८ बैठका. सव्वा महिना रोज कराड किंवा सातारा गाठायचे, म्हणजे एका बाजूने पन्नासेक किलोमीटर. मिरजेचे सिद्धिविनायक गणपती कॅन्सर रुग्णालय आणखी लांब. सोबतच्या माणसाचा रोज बुडतो, दुभत्या जनावराकडे बघायला कोणी राहत नाही. उपचार मुंबईत असतील तर तिथे माथाडी काम करणाऱ्या नातेवाइकाची खोली किंवा दादरची गाडगे महाराज धर्मशाळा मिळाली तर निभावते, नाही तर पेशंट दहाव्या-बाराव्या बैठकीनंतर येणे सोडतो. अर्धवट सोडलेला शेक हा सर्वांत वाईट सौदा: त्रास सगळा होतो, फायदा हाती लागत नाही. पाच दिवसांची पद्धत अशा घरांसाठी वरदान आहे. तरी "पाच दिवसांत काय होतंय, पैसेवाल्यांना महिनाभर देतात" अशी कुजबुज ऐकू येते. ती निखालस चूक आहे. पाच दिवसांत रोजची मात्रा जवळपास तिप्पट असते. पोलंडमध्ये आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये दोन्ही पद्धती समोरासमोर ठेवून पाहिल्या, तेव्हा निकालात ठाम फरक आढळला नाही. गाठ अगदी खाली असेल किंवा कडेला भिडली असेल तर लांब पद्धतीकडे कल असतो, आणि त्याचा निर्णय एमआरआय बघून होतो. पण ज्याला पाच दिवस चालतील त्याला ते आवर्जून मागता यावेत. डॉक्टरांनीही पेशंट कुठून येतो हे विचारल्याशिवाय बैठकांची संख्या लिहू नये.

शेकाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा मी टाळणार नाही. ते म्हणतात, ब्राझीलमध्ये तर ऑपरेशनशिवायच लोक बरे झाले. हे खरे आहे. साओ पावलोच्या डॉ. अँजेलिता हाब्र-गामा यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या २६५ रुग्णांपैकी ७१ जणांची गाठ शेक आणि केमोने पूर्ण दिसेनाशी झाली आणि त्यांचे ऑपरेशन न करता त्यांना देखरेखीखाली ठेवले. आज हा मार्ग जगात मान्य आहे, टाटातही आहे. पण ते सगळे रुग्ण खालच्या गुदाशयाचे होते, मोठ्या आतड्याचे नव्हते. शिवाय 'देखरेख' म्हणजे पहिली दोन-तीन वर्षे दर तीन-चार महिन्यांनी बोटाने तपासणी, दुर्बीण आणि ठरावीक काळाने एमआरआय. साधारण चारातल्या एकाची गाठ पुन्हा उगवते, बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांत. ती वेळेवर सापडली तर ऑपरेशन करून माणूस वाचतो. सुगीत तारीख चुकली, पुसेगावच्या यात्रेनंतर जाऊ म्हटले, तर ती संधी हातची जाते. ज्याला तारखा पाळता येतील त्याने हा मार्ग जरूर विचारावा. आणि २०२२ मध्ये मोबाइलवर फिरलेली ती बातमी, एका इंजेक्शनाने सगळे रुग्ण बरे झाल्याची? डोस्टारलिमॅबची ती चाचणी सुरुवातीच्या १२ रुग्णांची होती. सगळे गुदाशयाचे, आणि त्यातही जनुकांची दुरुस्ती करणारी यंत्रणा बिघडलेल्या एका विशिष्ट प्रकारचे. गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये हा प्रकार शंभरात पाच-दहांचा. त्यासाठी गाठीच्या तुकड्यावर एक तपासणी होते. ती करून घ्यावी आणि आशा त्या रिपोर्टावर ठेवावी.

ऑपरेशन नको म्हणण्यामागे खरे भय असते पोटावरच्या, शौच जमा करणाऱ्या पिशवीचे. ते कोणी बोलून दाखवत नाही. वरच्या मोठ्या आतड्याच्या ठरवून केलेल्या ऑपरेशनात कायमची पिशवी सहसा लागतच नाही. काढलेल्या भागाची दोन टोके जोडून देतात. आतडे अडून तातडीने ऑपरेशन करावे लागले तर तात्पुरती लागू शकते. कायमची पिशवी लागते ती गाठ गुदद्वाराच्या स्नायूला भिडलेली असते तेव्हा, म्हणजे पुन्हा सेंटीमीटरचाच हिशेब. आणि पिशवी असलेला माणूस शेती करतो, प्रवास करतो, लग्नकार्याला जातो. पिशवीपेक्षा मरण बरे, असे पन्नाशीच्या माणसाला त्याच्यासमोर सुनावणाऱ्या पाहुण्यांनी आपली जीभ आवरावी.

शेकाची तरफदारी करणारे ज्या गोष्टीवर गप्प असतात ती मात्र मोठ्याने बोलली पाहिजे. कटीवरच्या शेकाने बाईचे अंडाशय निकामी होऊ शकतात, पाळी कायमची थांबते, गर्भाशय बाळ धरण्याजोगा राहत नाही. पुरुषाच्या वीर्यावर आणि लैंगिक शक्तीवर परिणाम होतो. शौचाची घाई आणि रक्त पडणे काहींना वर्षानुवर्षे पुरते. आपल्याकडे गुदाशयाचा कॅन्सर पाश्चात्त्य देशांच्या मानाने तरुणांत जास्त दिसतो. पंचवीस-तिशीची, नुकती लग्न झालेली मुले यात असतात. शेक सुरू होण्याआधी शुक्राणू साठवता येतात, अंडाशय किरणांच्या वाटेतून बाजूला बांधता येतात. हे आधीच विचारावे लागते. नंतर विचारून उपयोग नसतो. आईबापांसमोर लाजेने हा विषय निघत नाही, म्हणून डॉक्टरांनीच तो काढायला हवा.

राहिला आरोप योजनेचा. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतला पेशंट म्हणून शेक टाळला, असे म्हणतात. २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेल्या या योजनेत पहिल्यापासून कॅन्सरचे ऑपरेशन, केमो आणि शेक तिन्ही आहेत. उपचारखर्चाची मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर नेण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. योजनेत रांगा आहेत, कागद आहेत, हेलपाटे आहेत, आणि त्यावर भांडलेच पाहिजे. पण मोठ्या आतड्याच्या पेशंटला शेक न देणे हा तिथला योग्य उपचार आहे आणि पैसेवाल्यालाही तो तसाच मिळतो, किमान मिळायला हवा. जाहिरातीतले मशीनचे नाव वाचून शहरात धावणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावे. खारघरला टाटाच्या केंद्रात २०२३ मध्ये प्रोटॉन किरणांचे उपचार सुरू झाले, त्यांचा खरा उपयोग लहान मुलांच्या आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या गाठींना. मोठ्या आतड्याच्या नेहमीच्या उपचारात त्यांना जागा नाही.

खरी लूट होते ती याच्या कितीतरी आधी. शौचातून रक्त पडते. त्याला मूळव्याध म्हणायचे ठरलेलेच असते. 'विनाऑपरेशन' पाटीखाली मलम, चूर्ण, क्षारसूत्र, इंजेक्शन यांत महिने जातात आणि या काळात कोणी एकदाही हातमोजा घालून बोटाने तपासत नाही. गुदाशयाच्या खालच्या भागातल्या गाठी त्या बोटाला लागतात. त्याला वीज लागत नाही, मशीन लागत नाही. वडूजच्या ग्रामीण रुग्णालयात ते दोन मिनिटांत होते. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला रक्त पडत असेल, शौचाची सवय बदलली असेल, विनाकारण हिमोग्लोबिन उतरले असेल, तर बोटाची तपासणी आणि त्यापुढे पूर्ण आतड्याची दुर्बीण झाल्याशिवाय मूळव्याधीचे औषध देणाऱ्याकडे परत जाऊ नये. तरुणालाही रक्त थांबत नसेल तर हेच.

आणि ज्यांच्या घरी मोठ्या आतड्याचे ऑपरेशन होऊन गेले आहे, पण "शेक राहिला" म्हणून ज्यांची झोप उडाली आहे, त्यांनी पॅथॉलॉजीचा रिपोर्ट काढून दोन ओळी शोधाव्यात. किती लसिकाग्रंथी तपासल्या आणि त्यांतल्या कितींत रोग सापडला. तपासलेल्या किमान १२ असायला हव्यात. चार-पाचच असतील तर काढलेला भाग लॅबमध्ये जपलेला असेपर्यंत त्यातल्या आणखी ग्रंथी शोधायला सांगता येते. एकीत जरी रोग असेल तर केमो लागते, आणि ती ऑपरेशननंतर सहा ते आठ आठवड्यांत सुरू व्हावी. शेकासाठी या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरताना तीन महिने उलटले, तर त्या केमोचा फायदाही कमी होत जातो.